कटला, रोहू की दोन्ही घरचं?

मागच्या मे महिन्यात आमच्या गावच्या पाझर तलावाचं पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं आणि मच्छीमार संस्थेनं हंगामातलं शेवटचं जाळं ओढलं. काठावर पाट्या रिकाम्या होत होत्या, वजनकाट्याभोवती गर्दी होती. तेवढ्यात साडेतीन किलोच्या एका माशावरून दोघांची जुंपली. व्यापारी म्हणे हा रोहू, सभासद म्हणे कटला. दोघांचा दर वेगळा, त्यामुळे दोघंही मनापासून भांडत होते. मासाही असा की बघणाऱ्यानं बुचकळ्यात पडावं. पाठ कटल्यासारखी रुंद, डोकं मात्र रोहूसारखं आटोपशीर.

शेवटी माशाची पाटी काठावर बसलेल्या एका म्हाताऱ्या भोई मामांच्या पुढ्यात आली. मामांनी माशाच्या पाठीकडे पाहिलंसुद्धा नाही. अंगठ्यानं खालचा ओठ उलटा केला, नखानं ओठाची कड खरवडून पाहिली आणि म्हणाले, "अंग कटल्याच्या घरचं हाय, ओठ रोहूच्या घरचा. ह्यो दोन्हीकडचा हाय."

मामा बरोबर होते. त्यांनी ओठच का पाहिला, एवढं एक कळलं तरी गोड्या पाण्यातले निम्मे सारखे दिसणारे मासे वेगळे करता येतात. उरलेले निम्मे का फसवतात, तेही त्यातूनच कळतं.

आपल्या तळ्यांत आणि धरणांत ज्यांच्यावर सगळा धंदा चालतो, आणि रविवारी गळ घेऊन बसणारेही ज्यांची वाट पाहतात, ते तीन मासे म्हणजे कटला, रोहू आणि मृगळ. तिघंही मूळचे उत्तरेच्या मोठ्या नद्यांमधले. आपल्याकडच्या तळ्यांत त्यांचं बी, म्हणजे लहान पिल्लं, सोडलं जातं. तिघांना एकत्र सोडण्यामागे साधा हिशेब आहे. तळं म्हणजे तीन मजली वाडा धरा. कटला माडीवर राहतो, पाण्याच्या वरच्या थरात तरंगणारे सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहू मधल्या मजल्यावर, बुडालेल्या काटक्यांवरचं आणि पाणवनस्पतींवरचं शेवाळ खरवडतो. मृगळ तळमजल्यावर, गाळात कुजलेलं चिवडत बसतो. एकाच्या ताटातलं दुसरा उचलत नाही.

आता तोंडाकडे बघा. वरचं खाणाऱ्या कटल्याचं तोंड आभाळाकडे वळलेलं असतं. खालचा जबडा पुढे येतो, खालचा ओठ जाड आणि गुळगुळीत असतो, वरचा ओठ जवळजवळ नसतोच. खरवडून खाणाऱ्या रोहूचं तोंड किंचित खालच्या बाजूला असतं आणि त्याच्या ओठांना बारीक झालर असते, जुन्या पडद्याच्या कडेला असते तशी. मामा नखानं चाचपत होते ती हीच झालर. मृगळाचं थोबाड बोथट, तोंड रुंद आणि खाली, वरचा ओठ अखंड आणि बिनझालरीचा, खालचा ओठ तर नीट दिसतही नाही. रंग पाण्याप्रमाणे बदलतो. मातकट पाण्यातला रोहू फिकट पडतो, शेवाळलेल्या तळ्यातला काळपट होतो. पोट खाण्याप्रमाणे सुटतं आणि आटतं. पण तोंडाचा साचा माशाच्या पोटापाण्याशी जोडलेला आहे, तो एका हंगामात बदलत नाही. म्हणून ओळख तोंडापासून सुरू करायची.

दुसरी खूण मिशांची. कटल्याला मिशा नाहीत, साफ सफाचट. रोहूला साधारणपणे एक जोडी असते, पण ती इतकी लहान आणि तोंडाच्या कोपऱ्यातल्या खोबणीत अशी दडलेली असते की बोटानं उकलून पाहावी लागते. मृगळालाही एक छोटी जोडी, थोबाडावर. आणि काळ्या अंगाचा जो मासा पुष्कळ जण 'काळा रोहू' म्हणून घेतात, त्या कलबासूला दोन जोड्या, अगदी ठळक. चार मिशा आणि झालरीचे ओठ दिसले की तो रोहू नव्हे, हे काळोखातसुद्धा हातानं सांगता येतं.

तिसरी खूण पाठीवरच्या पराची. पर उघडून धरला की पंख्यासारख्या काड्या दिसतात. सुरुवातीच्या दोन-तीन साध्या काड्या सोडून द्यायच्या आणि टोकाला फाटा फुटलेल्या तेवढ्या मोजायच्या. कटल्याला त्या 14 ते 16 असतात, रोहूला 12 ते 14, मृगळाला 12 किंवा 13. आकडे एकमेकांच्या अंगणात शिरतात हे खरं, पण 16 काड्या मोजल्या तर तो रोहू नाही एवढं नक्की.

खवले मोजण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत अंगाच्या मधोमध बारीक छिद्रांची एक रेघ जाते, त्या रेघेवरचे खवले मोजायचे. पण ह्या तिघांच्या बाबतीत ही मेहनत वाया जाते. तिघांचेही आकडे चाळिशीच्या आसपास, 40 ते 45 ह्या घरात. तीच मोजणी दुसरीकडे मात्र रामबाण ठरते. सिल्व्हर कार्प लांबून कटल्यासारखा वाटतो, मोठं डोकं आणि वर वळलेलं तोंड. पण त्याच्या रेघेवर शंभराच्या आसपास खवले असतात, बारीक वाळूसारखे. मोजायचीही गरज नाही, नजर टाकली तरी पुरे. शिवाय त्याचा डोळा डोक्याच्या इतका खाली बसवलेला असतो की चेहरा उलटा लावल्यासारखा दिसतो.

धरणावर गळ टाकणाऱ्यांचा आणखी एक हमखास घोळ म्हणजे सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि महसीर. सोनेरी अंगाचा, चार मिशांचा, मोठ्या खवल्यांचा मासा रिळावर आला की 'महसीर! महसीर!' असा गलका होतो. दोघांनाही मिशांच्या दोन जोड्या असतात, म्हणून मिशा इथं कामाच्या नाहीत. पाठीचा पर बघा. सायप्रिनसचा पर पाठीच्या मध्यापासून थेट मागेपर्यंत ताणलेला असतो, त्यात फाटा फुटलेल्या 17 ते 22 काड्या असतात आणि पुढचा काटा मागच्या बाजूनं करवतीसारखा दातेरी असतो. महसीरचा पर आखूड, जेमतेम 8-9 काड्यांचा, काटा गुळगुळीत. खवल्यांची मोजणीही इथं उपयोगी पडते. सायप्रिनसच्या रेघेवर 35 ते 39 खवले, महसीरच्या कुठल्याही भारतीय जातीत साधारण 22 ते 28. मूठभर खवल्यांनी सगळं अंग झाकलेलं असतं, म्हणून तर कोकणात त्याला कुठं कुठं 'खवल्या' म्हणतात. सायप्रिनस आपल्याकडे परदेशातून आला. त्याचा जर्मन वाण 1939 मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत, आणि आज तळ्यांत दिसतो तो 1957 मध्ये बँकॉकहून. महसीर इथला, जुन्या वतनदारासारखा.

इथवर सोपं होतं, कारण प्रत्येक जात आपापल्या जागी होती. आता 'दोन्हीकडच्या' माशाकडे येऊ.

कटला आणि रोहू नदीत एकाच सुमारास, पावसाच्या पुराबरोबर अंडी घालतात. मादी अंडी पाण्यात सोडते, नर त्यावर मिल्ट, म्हणजे आपलं वीर्य, सोडतो, फलन बाहेरच होतं. तरी नदीत त्यांचा संकर फारसा होत नाही, कारण जोड्या आपापल्या जातीच्याच जमतात. आणि कितीही गर्दी झाली तरी नदीला जागा भरपूर.

तळ्यात ह्या माशांची अंडी तयार होतात, पण वाहत्या पाण्याशिवाय ती बाहेर पडत नाहीत. पूर्वी लोक नदीतून मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यांतून नुकतीच निघालेली पिल्लं, गाळून आणत. त्यात काय मिसळलंय ते देवच जाणे. 10 जुलै 1957 ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांचे वरिष्ठ के. एच. अलिकुन्ही यांनी मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून ह्या माशांना तळ्यातच अंडी घालायला लावली. आज 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो तो ह्याचमुळे. त्या इंजेक्शनानं देशभरात बीज केंद्रं उभी राहिली. आता ग्रंथी काढत बसावं लागत नाही, तयार औषध मिळतं. पण इंजेक्शनानं एक जुनी वेळेची अट मोडली. कटला, रोहू, मृगळ, तिघंही एकाच रात्री तयार होतात.

आणि मग माणसाचा आळस. केंद्रावर गोल टाकी असते, पाणी फिरतं ठेवलेलं असतं. नियमानं प्रत्येक जातीची जोडी वेगळ्या टाकीत सोडायची. पण एका रात्रीत दोन-तीन जातींचं बी हवं, टाकी एकच, वीज जायची भीती. सगळ्यांना एकाच टाकीत सोडलं की काम उरकतं. फिरत्या पाण्यात कटल्याच्या अंड्यांवर रोहूचं मिल्ट जायला मग कोणी मुहूर्त काढावा लागत नाही.

घोडा आणि गाढव यांचं लेकरू, खेचर, वांझ निपजतं. तिथं गोष्ट थांबते. कारण दोघांच्या गुणसूत्रांची संख्या वेगळी आहे, घोड्याची 64 आणि गाढवाची 62. कटला, रोहू आणि मृगळ यांच्यात मात्र तिघांचीही गुणसूत्रं 50. जोड्या नीट लागतात, म्हणून त्यांचं लेकरू वांझ होत नाही. ते वाढतं, पुढच्या पावसात पुन्हा कटल्याशी किंवा रोहूशी जमतं, आणि त्याची पिल्लं आजोळच्या रक्ताची अर्धी-पाव पुडी घेऊन पुढे जातात. केंद्रचालकानं तळ्यातलाच मोठा दिसणारा मासा पुढच्या वर्षी बीजासाठी ठेवला की गोंधळ पिढ्यान्‌पिढ्या मुरतो. मला खरी काळजी ह्या मुरण्याची वाटते. संकर स्वतः काही विष नव्हे. रोहू आणि कटल्याच्या पहिल्या पिढीच्या संकराचं डोकं कटल्यापेक्षा लहान आणि अंग भरलेलं, म्हणजे कापल्यावर मांस जास्त. चौधुरींनीच पन्नाशीच्या अखेरीस असे संकर मुद्दाम करून पाहिले होते. मुद्दाम केलेला संकर आणि नकळत झालेली भेसळ ह्यात फरक नोंदीचा आहे. एकाचे आई-बाप वहीत असतात, दुसऱ्याचे नसतात.

संकर ओळखायचा कसा? शुद्ध माशाच्या सगळ्या खुणा एकच गोष्ट सांगतात. तोंड म्हणतं कटला, मिशा म्हणतात कटला, पर म्हणतो कटला. संकराच्या खुणा एकमेकांविरुद्ध साक्ष देतात. आमच्या तलावातल्या माशाची पाठ कटल्याची, डोकं मधलंच, तोंड वर वळलेलं पण कटल्याइतकं नाही, खालचा ओठ जाड आणि त्याला झालरीची पुसट सुरुवात, जणू शिंप्यानं काम अर्धवट टाकलंय. मिशी एकाच बाजूला, तीही तांदळाच्या कणीएवढी. पाठीच्या काड्या 14. हा आकडा कटल्याच्या खालच्या टोकाला बसतो आणि रोहूच्या वरच्या टोकालाही. एकेक खूण वेगळी बघितली असती तर प्रत्येकीला सबब सापडली असती. सगळ्या एकत्र ठेवल्या की सबब संपते.

कल्ल्याचं झाकण उचललंत तर आणखी एक साक्षीदार आत बसलेला असतो. कल्ल्यांच्या कमानीवर चाळणीसारखे दाते असतात. कटला पाणी गाळून खातो म्हणून त्याचे दाते लांब, दाट. रोहूचे आखूड, विरळ. संकराचे मधले. अमेरिकेत मिसिसिपीच्या खोऱ्यात सिल्व्हर कार्प आणि त्याचा चुलतभाऊ बिगहेड पसरलेत आणि आपसात बेसुमार मिसळलेत. तिथं हीच खूण कामी येते. सिल्व्हरचे दाते स्पंजासारखे जोडलेले, बिगहेडचे सुटे केसासारखे, आणि पहिल्या पिढीच्या संकराचे वाकडेतिकडे पिळलेले. पण तिथल्या अभ्यासकांना आणखी एक गोष्ट दिसली. पुन्हा आजोळी मिसळलेल्या पिढ्यांमध्ये दातेही सरळ होत जातात, मासा वरून आणि आतून शुद्ध दिसतो आणि रक्तात मात्र मिसळ राहते.

आपल्याकडेही तेच आहे. पहिली पिढी मामांच्या अंगठ्याला कळते. तिसऱ्या पिढीत मामाही हात टेकतात. मग डीएनएकडे जावं लागतं, आणि तिथंही एक खोड आहे. माशाची जात ठरवायला जी झटपट चाचणी सर्रास वापरतात, ती पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या एका जनुकावर चालते. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात. म्हणजे आई कटला आणि बाप रोहू असेल तर ती चाचणी छातीठोकपणे 'कटला' सांगते. चाचणी चूक करत नाही. तिला बापाबद्दल विचारलेलंच नसतं. संकर पकडायचा तर केंद्रकातले, म्हणजे आई-बाप दोघांकडून येणारे, जनुकही तपासावे लागतात. त्यामुळे 'डीएनए टेस्ट केलीय, शुद्ध आहे' असं कुणी बी विकताना सांगितलं तर कुठली टेस्ट, हे विचारायला हरकत नाही.

चिलापीबद्दल दोन वाक्यं सांगून पुढे जातो. आपल्या धरणांत दोन जातींची चिलापी असू शकते. 1952 मध्ये भारतात आलेली मोझांबिक, आणि नंतरची नाइल. नाइलच्या शेपटीवर वरपासून खालपर्यंत नीट उभे पट्टे असतात, मोझांबिकच्या नसतात. दोघी सहज मिसळतात, आणि तुटक, अर्धवट पट्टे दिसले की काय समजायचं ते आता तुम्हाला कळलंच.

सगळ्यात मोठा ओळखीचा घोळ मात्र महसीरच्या नशिबी आला, आणि त्याचा उगम आपल्या दारातला.

कर्नल सायक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरत होता. लोकसंख्या, पिकं, पक्षी, मासे, जे दिसेल ते. 1839 मध्ये त्यानं दख्खनच्या माशांवर लिहिलं. त्यात पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या एका मोठ्या खवल्यांच्या माशाला त्यानं इथल्या लोकांच्या तोंडचंच नाव दिलं, खुदरी. आजही पुण्याकडे ह्या माशाला खडशी म्हणतात. शास्त्रीय नाव टॉर खुदरी. त्याच लिखाणात शिरूरजवळ घोड नदीतल्या दुसऱ्या एका माशाला त्यानं 'मुसल्ला' म्हटलं, तेही इथलंच नाव. दोन्ही नावं इथं नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा गोंधळ दुसऱ्याचा आहे.

दक्षिणेत कावेरीत एक राक्षसी महसीर होता. पाठीला कुबड, आणि पर नारिंगी. 22 मार्च 1946 ला म्हैसूरच्या व्हॅन इंगन यांनी कबिनी नदीत 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोचा मासा गळावर घेतला, तो हाच. जगभरचे गळवाले ह्या माशासाठी कावेरीकाठी येत. ह्याचं शास्त्रीय नाव काय? 1940च्या दशकात डॉ. सुंदरलाल होरा यांनी भारतातल्या शिकारी माशांवर लिहिताना सायक्सचा शिरूरचा मुसल्ला आणि हा कुबडवाला एकच ठरवला. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे सत्तर वर्षं पुस्तकांमध्ये कावेरीचा कुबडवाला महसीर घोड नदीतल्या माशाच्या नावावर जगत राहिला.

2013 मध्ये काही अभ्यासकांनी सायक्सचं मूळ वर्णन नीट वाचलं आणि दाखवून दिलं की मुसल्ला हा महसीरच नाही. तो हिप्सेलोबार्बस गणातला, दुसऱ्याच घरातला मासा. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या महसीरला एकाएकी नावच उरलं नाही. ज्याला नाव नाही त्याला संकटग्रस्तांच्या यादीत टाकता येत नाही. यादी नावानंच चालते. अखेर 2018 मध्ये दुसऱ्या एका गटानं ठरवलं की हा मासा म्हणजे केरळातल्या पांबार नदीतून आधीच नोंदलेली टॉर रेमादेवी ही जात. त्यानंतर लगेच तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला.

तोवर फार उशीर झाला होता. आणि त्यात आपल्या खडशीचा हात होता. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीनं वळवण धरणाकाठी 1970च्या दशकाच्या सुरुवातीपासून महसीरचं बीज तयार करायला घेतलं. हे काम खरोखर मोठं होतं. खडशी आपल्या नद्यांतून संपत चालली होती, बी मिळालं म्हणून ती पुन्हा उभी राहिली. तिथं महसीरच्या जातींचे संकरही करून पाहिले गेले. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, राज्याराज्यांत गेली आणि कावेरीतही सोडली गेली. त्या वेळी विचार एवढाच होता की महसीर कमी झाले, महसीर सोडा. कुठला महसीर, हा प्रश्न कुणाच्या मनात नव्हता, कारण नावांचाच पत्ता नव्हता.

कळलं कसं, तर गळवाल्यांच्या वह्यांमुळे. कावेरीकाठच्या शिबिरांत मासा पकडून, वजन करून, परत सोडायची पद्धत होती आणि प्रत्येक माशाची नोंद ठेवली जायची. 1998 ते 2012 च्या ह्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. मार्गदर्शकांनी परांच्या रंगावरून मासे वेगळे लिहिले होते. नारिंगी पराचे कुबडवाले आणि निळसर पराचे. निळसर म्हणजे आपली खडशी. वर्षागणिक निळे वाढत गेले आणि नारिंगी नाहीसे होत गेले. रंग फसवा असतो असं मी वर म्हटलं. इथं मात्र रंगानंच खरं सांगितलं. पंधरा वर्षं तेच लोक, तीच नदी, तीच नजर, म्हणून. एका माशाच्या एका फोटोवरून रंग सांगणं आणि हजारो माशांवरून सांगणं ह्यात फरक आहे.

महसीर ओळखायची जुनी युक्ती अशी. डोक्याची लांबी मोजा, थोबाडाच्या टोकापासून कल्ल्याच्या झाकणाच्या कडेपर्यंत. मग अंगाची उंची मोजा, जिथं सर्वांत जास्त असेल तिथं. हिमालयाच्या पायथ्याच्या सोनेरी महसीरचं डोकं उंचीपेक्षा लांब. नर्मदेतल्या टॉर टॉरचं, जो मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे आणि नर्मदेबरोबर आपल्या नंदुरबारच्या कडेनंही वाहतो, डोकं उंचीपेक्षा आखूड. खडशीचं दोन्ही जवळपास सारखं. कुबडवाल्याचं कुबड डोळ्याच्या मागे, कल्ल्याच्या झाकणाच्या वरूनच चढायला लागतं. पिल्लांमध्ये ह्यातलं काहीच धड दिसत नाही, म्हणून वीतभर महसीरवर पैज लावू नये.

आणि ओठांवर तर मुळीच लावू नये. कटला-रोहूसाठी मी ओठांची एवढी तारीफ केली, पण महसीरमध्ये ओठ लबाडी करतात. खडकाळ, वेगाच्या पाण्यात राहणाऱ्या काही महसीरांचे ओठ मांसल होऊन लोंबतात. त्याच जातीचा दुसरा मासा शांत पाण्यात सपाट ओठांचा राहतो. जुन्या इंग्रजी पुस्तकांत ह्या लोंबत्या ओठांवरून वेगळ्या जाती काढलेल्या सापडतात. एकाच घरातला एक भाऊ पैलवान, दुसरा कारकून, आणि दोघांची आडनावं वेगळी लावली, तसा प्रकार.

देवाच्या डोहातले मासे पाहिले असतील तर हे तिथं बसूनही करून बघता येतं. देहूला इंद्रायणीत, किंवा रायगडात महाडजवळच्या वाळणकोंडीत, लाह्या टाकल्या की मोठाले मासे वर येतात आणि कुणी त्यांना हात लावत नाही. मोजपट्टी नको, नुसतं बघायचं. खवले किती मोठे, मिशा किती, पाठीचा पर आखूड की लांब. फोटो काढायचा तर माशाची एक बाजू सरळ, पर उघडे, आणि दुसरा फोटो तोंडाचा अगदी जवळून. गळावर आलेला मासा सोडणार असाल तर हात ओले करून धरायचा आणि पाण्यालगतच ठेवायचा. छातीशी धरून, दात दाखवून काढलेल्या फोटोत मासा कोणता ते कधीच कळत नाही, माणूस तेवढा ओळखू येतो.

आमच्या तलावावर मात्र त्या दिवशी फोटो कुणी काढला नाही. मामांचा निकाल सगळ्यांना पटला, पण संस्थेच्या वहीत रकाने होते पाच: कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस आणि इतर. 'इतर'चा दर सर्वांत कमी, म्हणून सभासद तिथं लिहू देईना. व्यापारी कटल्याचा दर देईना. चिटणीस पेन हातात धरून दोघांकडे पाहत राहिले आणि अखेर साडेतीन किलो कटल्याच्या रकान्यात लिहून पैसे रोहूच्या दरानं लावले. मामांनी तोवर पुढच्या पाटीतला मासा उचलून त्याचा ओठ उलटा केला होता.